दोनदा थाप पडल्यावर

नवा माणूस वर्गात आला की पहिल्याच दिवशी विचारतो, "मॅडम, ब्लॅक बेल्टला किती दिवस लागतील?" मी म्हणते, "आधी बूट काढा." निम्मे लोक तिथेच हिरमुसतात.

तळवड्याच्या रस्त्याला एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या हॉलमध्ये माझा जुडोचा वर्ग आहे. सत्तावीस वर्षं झाली. फरशीतून अजून कूलंटचा वास येतो, त्यावर आमच्या मॅट अंथरलेल्या. मी सांगवीहून येते. शिकणारे येतात ते आयटी पार्कमधून, आजूबाजूच्या सोसायट्यांतून आणि पार चाकणच्या कंपन्यांतूनही. मेहुण्याला धडा शिकवायचाय म्हणून आलेला एक गृहस्थ होता, तो चार दिवस टिकला. मुलाला पिवळा पट्टा मिळाला नाही म्हणून एक आई महिनाभर रोज फोन करत होती. शेवटी "निदान फोटोपुरता तरी द्या" इथवर आली. असल्या लोकांची मला कधी काळजी वाटली नाही. काळजी वाटायची ती चांगलं खेळणाऱ्यांची.

जुडोत समोरच्याला पाडायचं असतं, जमिनीवर दाबून धरायचं असतं, आणि मोठ्यांच्या गटात गळा आवळायची किंवा कोपराला उलटा ताण द्यायचीही परवानगी असते. हे जीवघेणं होऊ नये म्हणून सगळे रीतिरिवाज आहेत. मॅटवर येताना वाकायचं, जोडीदारासमोर वाकायचं, नखं कापलेली हवीत, पट्ट्याच्या दर्जाप्रमाणे ओळीत बसायचं. पण या सगळ्यांच्या वरचा एक नियम आहे. ताण सहन होईनासा झाला की मोकळ्या हातानं जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थाप मारायची. थाप पडली की समोरच्यानं सोडायचं, त्याच क्षणी. 'थाप मारा' म्हटलं की नवी मुलं हसतात, कारण आपल्याकडे त्याचा अर्थ वेगळा. मी हसू देते. आठवडाभरात कुणी हसत नाही.

अविनाश चौदा वर्षांचा असताना माझ्याकडे आला. माझ्या हाताखाली ब्लॅक बेल्ट झालेला तो पहिला. आता तो चौतिशीचा आहे, तळवड्यालाच सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, पुनावळ्याला राहतो. माझ्या मिस्टरांच्या आजारपणात आठ महिने त्यानं एकट्यानं वर्ग चालवला, एक दिवस खाडा नाही. माझे गुडघे गेल्यावर मुलांना फेकून दाखवायचं कामही त्याच्याकडेच आलं. वाकणं, बसणं, पट्ट्याची गाठ, सगळं असं नेटकं की नव्या मुलांना मी सांगायचे, अविनाशकडे बघा आणि तसं करा. वर्ग पुढे त्याच्याकडेच द्यायचा हे ठरल्यासारखं होतं.

मधे काही महिने एक जपानी गृहस्थ यायचे, इशिदासान. चाकणच्या एका कंपनीत इंजिनिअर म्हणून आले होते. साठीचे, बुटके, शांत. ते येणार म्हटल्यावर आमची तारांबळ उडाली. दर्जानं ते आम्हा सगळ्यांच्या वर. पहिल्या रविवारी अविनाशनं त्यांच्यासाठी ओळीत सर्वांत पुढची जागा मोकळी ठेवली. ते आले, वाकले आणि थेट शेवटी, पांढऱ्या पट्ट्यांच्या पलीकडे जाऊन बसले. अविनाश त्यांना उठवायला गेला तर हात जोडून म्हणाले, "मी इथे नवीन आहे." अख्खा तासभर आमचं कुणाचं लक्ष खेळात नव्हतं. आपलं काही चुकतंय का, याच धास्तीत सगळे.

चौथ्या रविवारी जाताना ते गाडीपाशी थांबले. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. पण ते जे म्हणाले ते मला नीट कळलं. "तुमच्या पहिल्या शिष्याचं तंत्र फार सुंदर आहे. त्याचे कान मात्र थोडे उशिरा ऐकतात."

मी हसले, वाकले, गाडी जाऊ दिली. आणि मनातून चिडले. पाहुण्यानं असं बोलावं का? पण चिडण्याचं खरं कारण हे होतं की ते मला माहीत होतं. थाप पडल्यावर अविनाश सोडायचा, पण अर्ध्या श्वासानंतर. त्या अर्ध्या श्वासात समोरचा घाबरायचा. उठल्यावर हसून म्हणायचा, "दादा, जरा लवकर!" आणि अविनाशही हसायचा. मी दर वेळी ठरवायचे, याला एकदा बाजूला घेऊन सांगायचं. चारचौघांत बोलणं बरं नव्हे, म्हणून बाजूला. पण बाजूला घेतलं की चहा, गुडघ्याचं औषध, पुढच्या परीक्षेची तारीख हेच विषय निघायचे. दोन वर्षं गेली अशी.

आणि मग बालाजी आला.

लातूरकडचा, अहमदपूरच्या बाजूचा. वय सव्वीस. चाकणला कंत्राटावर पॉवर प्रेसवर काम करायचा, रुपीनगरला खोली करून बायकोबरोबर राहायचा. गावाकडे कुस्ती खेळलेला. मान आणि खांदे एकच असावेत असा बांधा. म्हणाला, "मॅडम, हितं तालीम लांब पडतीय. तुमच्याकडं निदान अंगाला माती... म्हंजी मॅट तरी लागंल."

पहिली शिफ्ट असली की संध्याकाळी यायचा, दुसरी असली की नुसता रविवारी. पाडण्यात त्याला शिकवण्यासारखं फार नव्हतं. अडचण एकच होती. तो थाप मारायचा नाही. कुस्तीत पाठ टेकली की हार, मध्येच सांगून सोडवून घेणं हा प्रकार नाही. एकदा कॉलेजच्या एका मुलानं त्याचा गळा आवळला. मुलगा अंगानं त्याच्या अर्धा, पण पकड बरोबर बसली होती. बालाजीचा चेहरा जांभळा झाला तरी हात हलेना. मी ओरडून सोडवलं आणि त्याला भिंतीपाशी बसवलं.

"मरायचंय का?"

"मॅडम, एवढ्याशा पोराला थाप मारू?"

"थाप म्हणजे हार नाही रे. थाप म्हणजे आता थांब. तू सांगायचं, त्यानं थांबायचं. त्याच भरवशावर आम्ही सगळे इथं एकमेकांचे गळे धरतो."

तो घाम पुसत विचार करत होता. मग म्हणाला, "आन् न्हाई थांबला तर?"

"थांबतोच," मी म्हटलं. "इथं थांबतोच. माझ्यावर सोड."

त्याला दीड महिना लागला. एका गुरुवारी त्यानं पहिल्यांदा थाप मारली, दोनदा, लाजत. समोरच्यानं लगेच सोडलं. बालाजी उठून बसला, हाताकडे बघितलं आणि हसला. मला केवढा आनंद झाला होता! त्या दिवशी घरी जाताना मी रिक्षात एकटीच हसत होते.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी, रविवारी सकाळी, मी अविनाश आणि बालाजीची जोडी लावली. इशिदासान तोवर जपानला परत गेले होते. वर्ग भरलेला होता, काही पालकही आलेले. दोघं वाकले. सुरुवातीलाच बालाजीनं कुस्तीतला एक डाव टाकला आणि अविनाश उचलला जाऊन पाठीवर आदळला. इतका स्वच्छ की मागची मुलं "ओऽऽ" करून हसली. कुणीतरी टाळीही वाजवली.

अविनाश हसतच उठला. पट्टा सोडून पुन्हा बांधला. त्याचं हसू मी बघत होते. हे थांबवावं, आता पुढची जोडी बोलवावी, असं अगदी ओठांवर आलं. पण वर्गातल्या पहिल्या ब्लॅक बेल्टला पडल्या पडल्या बाहेर काढणं म्हणजे त्याचा अपमान. मी गप्प राहिले.

दुसऱ्या झटापटीत दोघंही खाली गेले. अविनाशनं बालाजीचा उजवा हात दोन्ही पायांत धरला, कोपर सरळ केलं, स्वतः मागे रेलला. बालाजीनं डाव्या हातानं त्याच्या पोटरीवर थाप मारली. एक. दोन. मी आठ फुटांवर होते. दोन्ही मला ऐकू आल्या. "थांब" म्हणायला मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात आवाज झाला. मोठा नव्हता. बोटं मोडतात तसा.

बालाजी ओरडला नाही. अविनाशकडे नाही, माझ्याकडे बघत राहिला.

निगडीच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. कोपर निखळलं होतं, आतले बंध फाटले होते, हाडाचा एक कपचा उडाला होता. डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" बालाजी पलंगावर, अविनाश माझ्या शेजारी उभा, चेहरा पांढराफटक. डॉक्टर लिहायला पेन धरून थांबलेले. आणि माझ्या तोंडून निघालं, "खेळताना पडला. हात अंगाखाली आला."

डॉक्टरांनी तसं लिहिलं.

बाहेर पार्किंगमध्ये अविनाश म्हणाला, "ताई, थाप जाणवलीच नाही मला. शपथ."

मी "हं" म्हटलं. त्या "हं"ची मला डॉक्टरांशी बोललेल्या खोट्यापेक्षाही जास्त लाज वाटते.

बालाजीची बायको रेखा एका पॅकिंगच्या युनिटमध्ये कामाला. ती तशीच गणवेशात धावत आली. तिनं मला एकच विचारलं, "मॅडम, तुमी तिथंच होता न्हवं?"

"होते."

"मंग?"



पुढचे पंधरा दिवस फोन वाजला की मी आधी कुणाचा ते बघायचे. वर्ग चालूच ठेवला होता, अविनाशही येत होता, नेहमीसारखा वाकत होता. मी जोड्या लावायचे आणि कुणाचं कोपर सरळ होताना दिसलं की थाप पडायच्या आधीच ओरडायचे, "सोड!" मुलं दचकायची. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, अजून मी काही केलंच नाहीये." घरी जेवण उतरेना. आपलाच हात कोपरात वाकवायचा, सरळ करायचा, हा चाळाच मला लागला होता.

मग रेखाचा फोन आला. बालाजीच्या प्रेसला दोन बटणं असतात, लांब लांब. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे कामगाराचा हात आत राहू नये. एका हातानं ते काम होणं शक्य नाही. सुपरवायझरनं निरोप दिला होता, दोन्ही हात चालायला लागले की ये, तोवर जागा राहीलच असं नाही.

मी दुसऱ्या दिवशी चाकणला गेले. सुपरवायझर शेळके म्हणून होते, जुन्नरकडचे, माझ्याच वयाचे. प्रेस शॉपच्या कडेला काचेची केबिन, बाहेर प्रेसची धडधड. मी म्हटलं, त्याला बसून करायचं काही काम द्या, हात बरा होईपर्यंत.

त्यांनी दवाखान्याचा कागद काढला. "मॅडम, हितं लिहिलंय खेळताना पडला. आता कामाच्या माणसानं सुट्टीच्या दिवशी मस्ती करायची, हात मोडून घ्यायचा आणि कंपनीनं सांभाळायचं, हे कसं जमायचं? उद्या दहा जण येतील."

त्या कागदावरचं वाक्य माझं होतं. माझ्यामुळे तो मस्तीखोर ठरला होता. मी म्हटलं, "तो पडला नाही. मी डॉक्टरांना खोटं सांगितलं."

त्यांनी कागद खाली ठेवला.

"त्यानं थाप मारली होती. दोनदा. समोरच्यानं हात सोडला नाही."

"थाप म्हंजी?"

आता हे सांगायचं कसं? मी म्हटलं, "हात द्या." शेळक्यांनी संकोचत हात पुढे केला. मी मनगट धरलं, कोपराखाली हात घातला, हळूच ताण दिला. ते खुर्चीत वर उचलले गेले. "आता दुसऱ्या हातानं टेबलावर दोनदा मारा." त्यांनी मारलं. मी सोडलं.

शेळके हात चोळत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी आमचं लाल बटण. इमर्जन्सीचं. दाबलं की मशीन हाय तिथं थांबलं पायजे."

"हो. तेच."

"आन् एखादं मशीन दाबल्यावर उशिरा थांबाय लागलं, तर आमी त्याच्यावर टॅग लावून बंद ठेवतो मॅडम. किती का चांगला माल काढत असंना. तुमच्यात काय करता?"

बाहेर प्रेसचा ठोका पडत होता. मी म्हटलं, "आम्ही काही करत नाही. मी दोन वर्षं काही केलं नाही."

त्यांनी बालाजीला तपासणीच्या टेबलावर घेतलं, तयार भाग डाव्या हातानं उचलून मापाच्या गेजमध्ये बसवून बघायचे. उपकार म्हणून नव्हे, निघताना ते म्हणाले, माणूस कामाला सरळ आहे म्हणून.

त्याच संध्याकाळी, वर्ग सुरू व्हायच्या अर्धा तास आधी मी अविनाशला बोलावून घेतलं. आम्ही रिकाम्या मॅटवर समोरासमोर बसलो. माझे गुडघे दुखत होते, पण खुर्ची घ्यायचं धाडस झालं नाही.

"दोन्ही थापा मी ऐकल्या होत्या," मी म्हटलं.

त्यानं पट्ट्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाला, "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"घाबरले."

"कशाला?"

"तू जाशील म्हणून."

त्यानं मान खाली घातली. "त्यानं मला सगळ्यांसमोर आपटलं, ताई. पोरं हसली. वीस वर्षं मी इथं... मला एक क्षण सोडावंसंच वाटलं नाही. एकच क्षण."

तो खरं बोलला याचं मला बरं वाटलं आणि त्याच वेळी भीतीही. मी सांगितलं, सहा महिने कुणाशी जोडी नाही, कुणाला शिकवणं नाही, ओळीत शेवटी बसायचं. आणि बालाजीच्या घरी जाऊन त्याला हे सांगायचं. तो म्हणाला, "सहा महिने पांढऱ्या पट्ट्यांशेजारी? त्यापेक्षा जा म्हणून सांगा."

"जा म्हणत नाही. बस म्हणतेय."

तो उठला. पट्टा सोडला, नीट घडी घातली. मॅटच्या कडेला जाऊन हॉलकडे तोंड करून वाकला. माझ्याकडे वळून वाकला. बूट घातले आणि गेला. एकही रीत चुकली नाही.

चाळीसांतले एकोणीस जण त्याच्यामागे गेले. आता पुनावळ्याला त्याचा वर्ग आहे, चांगला चालतो म्हणतात. जे राहिले त्यांना मी झालेलं सगळं सांगितलं, डॉक्टरांशी बोललेल्या खोट्यासकट. ते ऐकल्यावर आणखी तीन पालकांनी मुलं काढून घेतली. त्यांना काय म्हणणार?

अविनाश गेला त्याच आठवड्यात बालाजीकडे मीच गेले. रेखानं चहा ठेवला. मी सांगितलं की मी ऐकलं होतं, आणि तरी खोटं बोलले. बालाजी प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसला होता.

"मला वाटलं मॅडम, माजीच थाप हळू पडली," तो म्हणाला. "तुमी डॉक्टरला तसं म्हणलात, तवा म्हणलं, ती मोजली गेली नसंल. जोरात मारायला पायजे होती."

पंधरा दिवस तो हे धरून बसला होता. मी त्याची माफी मागितली. त्यानं "असू द्या" म्हटलं. रेखानं मात्र तसं म्हटलं नाही.

पाच महिन्यांनी, एका गुरुवारी, बालाजी दारात उभा राहिला. कोपर आता पुरतं सरळ होत नाही, थोडं वाकलेलंच राहतं. प्रेसवर परत गेलाय, बटणं दाबता येतात. मी म्हटलं, "रेखाला विचारून आलास?"

"तिनंच सांगितलं, एकदा जाऊन ये म्हणून. पर खाली न्हाई खेळणार मॅडम."

तासभर त्यानं उभ्यानं सराव केला. बाकीचे गेल्यावर मी मॅटवर पाठीवर आडवी झाले आणि उजवा हात वर केला. "लाव," मी म्हटलं.

"काय?"

"तोच डाव. माझ्या हाताला."

तो नको नको म्हणत बसला आणि मग त्यानं माझं मनगट धरलं. त्याचे पाय माझ्या छातीवरून गेले. कोपर हळूहळू सरळ होत गेलं. खूप वर्षांनी मी कुणाच्या तरी ताब्यात अशी पडले होते. छपराचे पत्रे दिसत होते आणि एकच विचार डोक्यात होता, यानं सोडलं नाही तर? त्याला मनात राग धरायला सगळी कारणं होती. हृदय इतकं धडधडत होतं की ते त्याच्या पायाला जाणवत असणार. थाप मारायला मी डावा हात उचलला.

हात खाली यायच्या आधीच त्यानं सोडलं आणि उठून बसला.

"थाप पडल्यावर सोडायचं," मी म्हटलं. "आधी नाही. परत लाव."

त्यानं परत लावलं. या वेळी कोपर अर्ध्यावर आलं तोच सोडलं.

"न्हाई जमत," तो म्हणाला. कपाळावर घाम होता. "तुमाला भ्या वाटलं का मॅडम?"

"वाटलं."

"मलाबी. लावताना जास्त."

मी उठून बसले, त्यानं हात देऊन मला उभं केलं. आम्ही समोरासमोर वाकलो. "शनिवारी परत बघू," मी म्हटलं.

"शनिवारी ओव्हरटाइम हाय," बालाजी म्हणाला. "रविवारी येतो."